राज्याकडे पैसे नाहीत, तर शिक्षकांचे पगार कापून ते शाळांवर का खर्च करत नाहीत?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: शेजारच्या सरांना लाखभर पगार आहे, त्यांच्या शाळेत मुलींच्या संडासाला दार नाही, आणि सरकार सांगतं तिजोरीत पैसे नाहीत. मग पगाराला कात्री लावून दार का बसवत नाहीत?

मी शिक्षक नाही. एका खाजगी अनुदानित हायस्कूलमध्ये, म्हणजे शाळा संस्थेची आणि पगार सरकारचा अशा शाळेत, तीसेक वर्षं लिपिक होतो. दर महिन्याची पगारबिलं माझ्या हातून गेली. आधी कार्बन लावून हाताने, मग टाईप करून, आणि शेवटची कितीतरी वर्षं शालार्थवर, म्हणजे सरकारच्या ऑनलाईन पगार प्रणालीवर. त्यामुळे कुणाला किती मिळतं हे मला स्टाफरूममधल्या माणसांपेक्षा जास्त माहीत असायचं. त्यांच्या बायकांपेक्षा तर नक्कीच.

तर उत्तर असं, की पगार कापतात. वर्षानुवर्षं कापत आलेत. फक्त तुमच्या शेजारच्या सरांचा कापत नाहीत.

त्यांचा कापता येत नाही, कारण त्यांची वेतनश्रेणी कायद्याने बांधलेली आहे. खाजगी शाळांतल्या कर्मचाऱ्यांसाठी 1977 चा सेवाशर्तींचा अधिनियम आहे, त्याखाली 1981 ची नियमावली आहे, आणि वर वेतन आयोग. उद्या कुणी मंत्री म्हणाला की उद्यापासून तीस टक्के कमी, तर परवा सगळे कोर्टात. करोनात नेमकं हेच झालं. मार्च 2020 चा पगार कापणार अशी बातमी आली, आणि लगेच शब्द बदलला: कपात नव्हे, 'दोन टप्प्यांत'. अ आणि ब वर्गाला निम्मा, क वर्गाला 75 टक्के, ड वर्गाला पूर्ण. शिक्षक क वर्गात, म्हणून त्यांचा पाव पगार मागे राहिला. मागे राहिला म्हणजे बुडाला नाही, नंतर मिळाला. माझ्या आठवणीत कायम वेतनश्रेणीतल्या माणसाच्या मूळ पगाराला हात लागला तो एवढाच. बाकी महागाई भत्ता दीड वर्ष गोठवला, सातव्या आयोगाच्या फरकाचे पाच हप्ते होते ते पुढे पुढे सरकवले. तक्रारी खूप झाल्या, पण चूल कुणाची विझली नाही.

म्हणजे सरकारपुढे अडचण अशी, की जो आत आहे त्याला हात लावता येत नाही. मग जो दारात उभा आहे त्याच्याकडून वसूल करायचं. ही वसुली कशी होते ते आमच्या एकाच स्टाफरूममधल्या चार खुर्च्यांवरून सांगतो.

आमच्या शाळेत 'अ' तुकडी जुनी, शंभर टक्के अनुदानित. 'ब' तुकडी नंतर वाढली, ती 'कायम विनाअनुदानित' या अटीवर. म्हणजे संस्थेने लिहून द्यायचं की आम्ही कधीच अनुदान मागणार नाही. मान्यता तर हवी, म्हणून सगळ्यांनी लिहून दिलं. 2009 मध्ये सरकारने त्यातला 'कायम' शब्द काढला. त्या दिवशी आमच्याकडे पेढे वाटले होते, मीही दोन खाल्ले. मग 2011 च्या नोव्हेंबरात निर्णय निघाला की पात्र शाळांना पहिल्या वर्षी 20 टक्के, मग 40, 60, 80 असं करत पाचव्या वर्षी शंभर टक्के अनुदान. कागदावर अगदी स्वच्छ हिशेब.

प्रत्यक्षात पहिले 20 टक्के आले 2016 मध्ये. चाळीस झाले नोव्हेंबर 2020 पासून. साठ जानेवारी 2023 पासून. पुढच्या टप्प्याचा निर्णय ऑक्टोबर 2024 मध्ये, निवडणुकीच्या तोंडावर झाला, पण अर्थसंकल्पात तरतूदच नव्हती. जुलै 2025 मध्ये राज्यभरातले शिक्षक पावसात आझाद मैदानावर बसले, तेव्हा कुठे ऑगस्टपासून वाढ लागू झाली. ज्यांना 2016 मध्ये वीस मिळाले होते ते आता ऐंशीवर आहेत. पाच वर्षांची शिडी, नऊ वर्षांत चार पायऱ्या.

आता हे टक्के म्हणजे काय ते नीट समजून घ्या, कारण बाहेरच्या माणसाला वाटतं अनुदान शाळेला मिळतं. हे टक्के पगाराचे असतात. बीएड झालेल्या हायस्कूल शिक्षकाचं सातव्या आयोगातलं सुरुवातीचं मूळ वेतन 38,600. महागाई भत्ता सोयीसाठी 50 टक्के धरू, म्हणजे 19,300. दोन्ही मिळून 57,900. घरभाडं वगैरे सोडून देऊ. 'अ' तुकडीवरच्या माणसाला हे पूर्ण. 'ब' तुकडीवर, त्याच पदवीच्या, तोच तास घेणाऱ्या माणसाला 20 टक्क्यांवर 11,580. चाळीसवर 23,160. साठवर 34,740. उरलेलं संस्थेने द्यावं अशी अपेक्षा. संस्था काय देते ते विचारू नका. कुठे कुठे उलटा व्यवहार चालतो, हे गावात शेंबड्या पोरालाही माहीत असतं.

आणि 2016 च्या आधी? शून्य. अगदी अक्षरशः शून्य. आमचे मराठीचे एक सर रविवारी आणि सुट्टीत नातेवाइकाच्या खतांच्या दुकानात बसायचे. पालक औषध घ्यायला आले की ते काउंटरखाली काहीतरी शोधायला वाकायचे. हे मी स्वतः पाहिलंय. दहावीचा निकाल मात्र त्यांच्या विषयाचा कायम 'अ' तुकडीपेक्षा वर. आता यावर तुम्ही म्हणाल, बघा, पगाराशिवायही चांगलं शिकवतात की. हे वाक्य मी एका अधिकाऱ्याच्याही तोंडून ऐकलंय. तेव्हा बोललो नाही, नोकरी करायची होती.

तिसरी खुर्ची शिक्षणसेवकाची. ही योजना 2000 सालची. पहिली तीन वर्षं वेतनश्रेणी नाही, ठरावीक मानधन. कितीतरी वर्षं ते प्राथमिकला 6,000, माध्यमिकला 8,000 आणि ज्युनियर कॉलेजला 9,000 होतं. 2023 पासून 16, 18 आणि 20 हजार झालं, तेही कोर्टाने कान उपटल्यावर. एका पोराने मला विचारलं होतं, "भाऊसाहेब, लग्नाच्या बायोडाट्यात पगार किती लिहू?" मी सांगितलं, आकडा लिहू नको, 'शिक्षक, अनुदानित पद' एवढंच लिही. स्थळं आली.

चौथी खुर्ची रिकामी. सगळ्यात मोठी बचत तिथे होते आणि तीच कुणाला दिसत नाही. 2011 च्या ऑक्टोबरात राज्यभर पटपडताळणी झाली, म्हणजे हजेरीतली मुलं खरंच आहेत का ते मोजलं, बोगस पट उघडा पडला, आणि 2012 पासून भरती थांबवली. कारण खोटं नव्हतं, बोगस हजेऱ्या खरंच होत्या, आमच्या तालुक्यातही होत्या. पण शिक्षा झाली ती डीएड-बीएड करून बसलेल्या पोरांना. 2017 च्या शेवटी शिक्षकभरतीसाठी अभियोग्यता चाचणी आणि पवित्र पोर्टल आलं, पुढची चाचणी 2023 मध्ये. मधल्या काळात जो निवृत्त झाला त्याची जागा तशीच. गणिताचे सर गेले तर विज्ञानाच्या बाई गणितही घेतात. आमच्याकडे दोन वर्षं नववीची इंग्रजी पीटीच्या सरांनी घेतली. व्याकरण त्यांनी शिट्टी वाजवून शिकवलं अशी चेष्टा व्हायची.

आता तर पद मंजूर होण्याचीच पंचाईत. पटावरून शाळेला किती शिक्षक ते ठरवतात, त्याला संचमान्यता म्हणतात; तिच्या मार्च 2024 च्या निकषांवरून किती ओरड झाली ते वाचलं असेल. वरच्या वर्गांत पट वीसच्या खाली गेला की पदावर पाणी. वाडीवस्तीवरच्या शाळेत वीस मुलं कुठून आणायची? जूनमध्ये शिक्षक घरोघरी मुलं मागत फिरतात ते हौसेने नव्हे. एक मूल इकडचं तिकडे गेलं तर एका माणसाची बदली होते, 'अतिरिक्त' होतो बिचारा.

शिपायाचं सांगायचं राहिलं. डिसेंबर 2020 च्या निर्णयाने खाजगी अनुदानित शाळांतलं शिपायाचं पद निवृत्तीनंतर भरायचं नाही असं ठरलं. त्याऐवजी शाळेला 'शिपाई भत्ता'. ग्रामीण भागात महिन्याला 5,000, महापालिका हद्दीत साडेसात, मुंबई-पुण्यात दहा हजार. पाच हजारांत महिनाभर कोण झाडू मारणार, घंटा देणार, पोस्टात जाणार आणि रात्री कुलूप लावणार? आमचे शिपाई मामा गेल्यावर काही महिने घंटा मीच दिली. त्यामुळे संडासाच्या दाराचा प्रश्न तुम्ही विचारला तेव्हा मला हसू आलं. दार बसवलं तरी संडास धुणारं माणूस काढून टाकलंय.

दाराचे पैसे कुठून येतात तेही सांगतो. शाळा जिल्हा परिषदेची असेल तर समग्र शिक्षा या केंद्र-राज्याच्या योजनेतून वर्षाला संयुक्त शाळा अनुदान येतं. पट तीसपर्यंत असेल तर 10,000, शंभरपर्यंत 25,000, अडीचशेपर्यंत 50,000. यात खडू, वीजबिल, किरकोळ दुरुस्ती, साफसफाई सगळं. केंद्राचे साठ आणि राज्याचे चाळीस टक्के असल्यामुळे एकाने हप्ता अडवला की दुसराही थांबतो, आणि पैसे खात्यावर येतात मार्चएंडला, तातडीने खर्च करून उपयोगिता प्रमाणपत्र द्या म्हणून. तोवर गुरुजींनी खिशातून भरलेलं असतं. शाळा आमच्यासारखी खाजगी अनुदानित असेल तर वेतनेतर अनुदान, म्हणजे पगार सोडून बाकी खर्चाचं. ते 2004 पासून कितीतरी वर्षं बंदच होतं. 2013 पासून पुन्हा सुरू झालं ते जुन्या, पाचव्या आयोगाच्या पगारावर धरून. पगार सातव्या आयोगाचा, खडू पाचव्या आयोगाचा.

तुमच्या मुद्द्यात एक गोष्ट खरी आहे. शालेय शिक्षणावरच्या खर्चाचा फार मोठा वाटा पगार आणि पेन्शनवर जातो, इमारत, प्रयोगशाळा, पुस्तकं यांना उरतं ते चिमूटभर. आणि होय, लाखावर पगार घेऊन वर्गात मोबाईल बघणारे मी पाहिलेत. त्यांची बिलं मीच केली, आणि करताना प्रत्येक महिन्याला चिडलो. पण त्यांच्यावर कारवाई करायची तर मुख्याध्यापकाने लिहावं लागतं, संस्थेने चौकशी लावावी लागते, आणि संस्थेचा सचिव बहुतेक वेळा त्यांचाच मेहुणा असतो. हा पैशाचा प्रश्न नाही हो. सगळ्यांचे पगार वीस टक्के कापले तरी मोबाईल बघणारा बघतच राहील. त्याच्या शेजारचा चांगला माणूस मात्र शिकवण्या सुरू करेल.

आणि पैसे खरंच नाहीत का? राज्यावर कर्ज आहे, ते कुणी नाकारत नाही. पण 2024-25 मध्ये लाडक्या बहिणींसाठी 46 हजार कोटी धरले गेले, तेव्हा कुणी म्हटलं नाही की टप्प्याटप्प्याने देऊ, पहिल्या वर्षी महिन्याला तीनशे आणि पाचव्या वर्षी पूर्ण पंधराशे. माझ्या घरातही ते पैसे आलेत, त्यामुळे त्या योजनेवर माझा राग नाही. मला एवढंच दिसतं, की ज्याला द्यायचं ठरवतात त्याला पहिल्या महिन्यापासून पूर्ण देता येतं. दुसरीकडे 2025 मध्ये नागपूरला बोगस शालार्थ आयडीचं प्रकरण बाहेर आलं. कागदोपत्री शिक्षक उभे करून सरकारी पगार उचलल्याचं ते प्रकरण. मी तीन-तीनदा त्रुटी पूर्ण करून पाठवलेले खऱ्या माणसांचे प्रस्ताव टेबलावर पडून राहायचे, हे आठवून त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

कोठारी आयोगाने साठच्या दशकात सांगितलं होतं, देशाच्या उत्पन्नाच्या सहा टक्के शिक्षणावर खर्च करा. 2020 च्या नव्या धोरणात तोच आकडा पुन्हा छापलाय. यावर मी काही बोलत नाही.

तुमच्या शेजारच्या सरांना एकदा चहाला बोलवा आणि विचारा, त्यांच्या स्टाफरूममध्ये किती प्रकारचे शिक्षक आहेत. ते बोटांवर मोजून सांगतील.

जाता जाता ते खतांच्या दुकानातले मराठीचे सर. 2001 ला लागले. पंधरा वर्षं शून्यावर, मग वीस, चाळीस, साठ. मी निवृत्त होण्याआधी त्यांचं ऐंशी टक्क्यांचं पहिलं बिल केलं आणि त्यांना पगाराची पावती काढून दिली. त्यांनी ती चार घड्या घालून खिशात ठेवली आणि विचारलं, "भाऊसाहेब, माझी पेन्शन केस कधी पाठवायची?" पुढच्या वर्षी त्यांना 58 पूर्ण होतात. 1 नोव्हेंबर 2005 च्या आधीची नेमणूक असली तरी तेव्हा तुकडी शंभर टक्के अनुदानावर नव्हती, म्हणून जुनी पेन्शन लागू नाही. हे त्यांना माहीत होतं, मलाही माहीत होतं. मी म्हटलं, सहा महिने आधी बघू.