हवा कोणाकडे जाते, ते आधी बघा

पावसाळ्यात बुरशी धरलेले मोडी कागदांचे रुमाल (कापडात बांधलेले गठ्ठे) साफ करायला कॉलेजच्या लॅबमधला जुना लॅमिनार फ्लो टेबल फुकट मिळतोय, घ्यावा का, असं तुम्ही विचारलंय. ताई, कृपा करून बुरशीचा एकही कागद त्यावर ठेवू नका.

त्या टेबलात गाळलेली हवा मागच्या जाळीतून येते, कागदावरून जाते आणि थेट आपल्या तोंडावर येते. समोरची वस्तू स्वच्छ राहावी म्हणून ते बनवलेलं असतं, माणसासाठी नाही. मी रत्नागिरीत शिकाऊ असताना असल्याच टेबलावर दोन दिवस ब्रश फिरवला. बाह्यांवर हिरवट-काळी भुकटी बसली आणि तिसऱ्या दिवशी घसा धरला तो पंधरवडाभर सुटला नाही. वाळलेली, मेलेली बुरशीसुद्धा बाधते.

तुम्हाला हवा आत ओढणारा हूड पाहिजे, त्याच्या उघड्या तोंडाशी सेकंदाला साधारण अर्धा मीटर वेगाचा, आणि त्याला हेपा फिल्टर. हेपा ०.३ मायक्रॉनचे ९९.९७ टक्के कण अडवतो. बुरशीचे बीजाणू त्याहून कितीतरी मोठे. पण चिकटपट्टी सोडवायला ॲसिटोन वापरलंत तर त्याची वाफ हेपातून सरळ पार होते. ती अडवायला ॲक्टिव्हेटेड कार्बनचाच, म्हणजे वाफ धरून ठेवणाऱ्या खास कोळशाचा, फिल्टर लागतो, आणि आपल्याकडच्या दमट हवेत तो पाण्याची वाफच धरत बसतो, म्हणून लवकर संपतो. तो बदलायला वास येईपर्यंत थांबू नका.

विक्रेता हूडचा पाइप खिडकीबाहेर काढायला सांगेल. ॲसिटोनसाठी तेच उत्तम. पण बुरशीच्या कामाला जुलैत तसं केलंत, तर डीह्युमिडिफायरने कोरडी केलेली हवा बाहेर जाते आणि दाराच्या फटीतून खारी, ओली हवा आत येते. आर्द्रता ६५ टक्क्यांच्या वर टिकली की साफ केलेल्या पानांवर बुरशी परत धरते. म्हणून या कामाला हेपातून गाळून हवा खोलीतच सोडणारा हूड घ्या.

कागद आधी पूर्ण वाळू द्या, ओली बुरशी ब्रशने पानात चोळली जाते. छताचा पंखा बंद ठेवा. काम सुरू करण्याआधी, कागद लांब ठेवून, हूडच्या तोंडाशी उदबत्ती धरा: धूर न घुटमळता आत गेला पाहिजे. वीज गेली तर ब्रश तिथेच ठेवा, पानावर हलकेच प्लास्टिक टाका आणि वीज येऊन हूड पाच मिनिटं चालल्यावरच हात घाला. फिल्टर बदलताना एन-९५ मास्क आणि हातमोजे घाला. जुना फिल्टर न झटकता पिशवीत बांधा.