आधी एका रविवारी जाऊन बस

प्रिय मित्रा,

तुझ्या हॉरर फिल्मची संहिता दोनदा वाचली. दुसऱ्यांदा रात्री वाचली, आणि बाक आपोआप सरकतो त्या जागी उठून दिवा लावावा लागला. गोष्टीत दम आहे. शूटिंगसाठी तू निवडलेल्या चर्चच्या यादीबद्दल मात्र बोलायला हवं. तू जे फोटो पाठवलेस त्यातले बहुतेक पर्यटकांनी बाहेरून काढलेले आहेत. त्यावरून इमारत किती देखणी आहे ते कळतं, तुझा सीन तिथे होईल का ते कळत नाही.

पाचगणीच्या सेंट पीटर्स चर्चवर तुझा जीव का जडला ते मला समजतं. जुनी दगडी बांधणी, कबरी, पावसाळ्यात धुकं. पाचगणी वसवणारा जॉन चेसन तिथल्याच दफनभूमीत विसावला आहे. एखाद्या गोऱ्या साहेबाची गोष्ट असती तर मी म्हटलं असतं, आजच जा. पण तुझी गोष्ट साताऱ्यातल्या एका मराठी ख्रिस्ती घरातली आहे. त्यातली आजी नऊवारी नेसते, धर्मगुरूंना ‘पाळकसाहेब’ म्हणते, पेटीवर भजन म्हणते. ती या चर्चमध्ये रविवारी कुठल्या बाकावर बसेल, सांग बरं? उत्तर सुचत नसेल तर ती जागा तुझ्या गोष्टीची नाही, आपण बाहेरच्या सिनेमांत पाहिलेल्या भीतीची आहे.

सातारा हे ख्रिस्ती कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांचं शहर आहे. शेवटची वर्षं ते साताऱ्यात राहिले, १९१७ साली ‘देवाचा दरबार’ हा ख्रिस्तभक्तांचा मेळा त्यांनी इथेच सुरू केला. ख्रिस्ताची भक्ती अभंगात आणि कीर्तनात त्यांनी मांडली, म्हणून आजही मराठी ख्रिस्ती मंडळींत पेटी-तबल्यावर भजन चालतं. आता तुझा तो शेवटून तिसरा सीन घे. तू लिहिलंयस की ऑर्गन आपोआप वाजतो. त्याऐवजी असं बघ: उपासना संपली आहे, सतरंजी गुंडाळून भिंतीला लावली आहे, पेटीवर धुतलेलं फडकं टाकलंय. आजी चष्मा विसरली म्हणून परत येते. फडकं जागचं हलत नाही, पण आतून भात्यातली हवा हळूहळू सुटल्याचा आवाज येतो. भाता कुणीतरी आत्ताच सोडल्यासारखा. सूर एकही नाही, नुसता श्वास. माझ्या अंगावर तर लिहितानाच काटा आला. असं चर्च तुला धुक्यात शोधावं लागणार नाही. वस्तीत सापडेल, शेजारी शाळेची भिंत असेल, वर पत्रे किंवा कौलं असतील.

म्हणून पहिल्या भेटीला कॅमेरा नेऊ नकोस. रविवारी उपासनेला जा, मागच्या बाकावर बस, मोबाइल बंद ठेव. कोण कुठे बसतं, चपला कुठे काढतात, म्हाताऱ्या बायका कुठल्या बाकाला धरून उठतात, ते बघ. संपल्यावर लोक विचारतीलच, पाहुणे कुठले? तेव्हा खरं सांग. हॉरर फिल्म आहे हे पहिल्याच दिवशी सांग.

हे इतकं ठासून सांगण्याला कारण आहे. तुझ्या वयाचा असताना आम्ही एका गावात ‘चर्चच्या इतिहासावर माहितीपट’ असं सांगून परवानगी काढली होती. खोटं रक्त सरबत आणि खायच्या रंगाचं केलं होतं, ते एका सागवानी बाकावर सांडलं आणि लाकडात मुरलं. रात्री उशिरापर्यंत आम्ही घासत होतो. सकाळी झाडायला आलेल्या काकूंनी बाक पाहिला. त्या ओरडल्या नाहीत. पदराचं टोक ओलं करून डागावर फिरवत राहिल्या आणि म्हणाल्या, ‘हा आमच्या आईच्या नावानं दिलेला बाक आहे.’ मला अजून तो पदर दिसतो. ती फिल्म मी आजवर कुणाला दाखवलेली नाही.

परवानगी कुणाची, तेही नीट समजून घे. ‘चर्च ऑफ नॉर्थ इंडिया’ या प्रोटेस्टंट संस्थेचं असेल तर पाळकांना भेट, पण एकट्या पाळकांच्या होकारावर थांबू नकोस, कमिटीपुढे विषय जाऊ दे आणि लेखी घे. कॅथलिक चर्च असेल तर नियम अधिक कडक आहेत: पवित्र जागेत उपासनेखेरीज दुसरं काही करायचं तर धर्माधिकाऱ्यांची खास संमती लागते, आणि ते काम जागेच्या पावित्र्याला बाधा आणणारं नसावं. फादर नाही म्हणाले तर हात जोड आणि निघ, वाद घालू नकोस. दोन्हीकडे माझं एकच म्हणणं: वेदीवर भूत नको. तुझ्या गोष्टीला त्याची गरजही नाही, सगळी भीती दारापासून तिसऱ्या बाकापर्यंत आहे.

दफनभूमीत रात्री गुपचूप शिरायचा बेत रद्द कर. भावना दुखावण्याच्या हेतूने, किंवा त्या दुखावतील हे माहीत असताना, दफनभूमीत शिरणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०१ खाली गुन्हा आहे. पण कायदा बाजूला ठेवला तरी तिथे कुणाचे तरी वडील आहेत. २ नोव्हेंबरला कॅथलिक घरं कबरी साफ करून मेणबत्त्या लावतात. एकदा दिवसाउजेडी जाऊन बघ. मग तुझ्या मामाच्या शेतात प्लायवूडचे चार क्रूस उभे कर. वाईड शॉट तुला लागत नाहीच.

आता तंत्राचं. रिकाम्या चर्चमध्ये मधोमध उभा राहून एक टाळी वाजव आणि आवाज किती वेळ रेंगाळतो ते ऐक. दोन सेकंद रेंगाळला तर भात्याच्या श्वासासाठी सोनं, संवादासाठी मात्र चिखल. संवादाच्या वेळी फ्रेमबाहेर गोधड्या टांगाव्या लागतील. पत्र्याचं छप्पर असेल तर पावसाळ्यात संवाद विसर. परंपरेने वेदी पूर्वेला असते, पण आपल्याकडे ते सगळीकडे पाळलेलं नाही, म्हणून फोनवरचं होकायंत्र लावून बघ. दार खरंच पश्चिमेला निघालं तर मावळतीला ऊन दारातून थेट मधल्या वाटेवर पडतं. ते काही मिनिटंच टिकतं, आणि डिसेंबरात सूर्य दक्षिणेकडे सरकलेला असतो, तेव्हा शूटच्याच महिन्यात बघून ये.

विजेचा बोर्ड उघडून दाखवायला सांग. १,००० वॉटचा दिवा साधारण साडेचार अँपिअर ओढतो. तीन लावलेस की १५ अँपिअरचा प्लग भरत आलाच, आणि वायरिंग जुनं असेल तर तेवढंही मागू नकोस. एलईडी पॅनल भाड्याने आण. पेटती मेणबत्ती फक्त क्लोजअपला, शेजारी वाळूची बादली ठेवून.

नाताळ, उपवासकाळ (ईस्टरआधीचे चाळीस दिवस) आणि लग्नसराईच्या तारखा पाळकांकडून आधीच लिहून घे.

या रविवारी जमलं तर जा. आल्यावर मला फोटो पाठवू नकोस, आजी कुठल्या बाकावर बसेल तेवढं कळव. आणि तिथली पेटी कशी आहे, पायाची की हाताची, तेही.

तुझा,
दादा