शब्दांची उठाठेव: ‘विदाउट डिमर’ म्हणजे काय?

प्रश्न : मी वसमतला एका गुत्तेदाराच्या ऑफिसात हिशेब बघतो. बँक गॅरंटीच्या मसुद्यात ‘विदाउट एनी डिमर’ (without any demur) असं आलं. मालकांनी अर्थ विचारला, मी ‘विनातक्रार’ सांगून मोकळा झालो. बरोबर सांगितलं का? आणि ‘ऑब्जेक्ट’ऐवजी हा शब्द मेलमध्ये वापरला तर चालेल का?

उत्तर : गुत्तेदार! पुण्याच्या वाचकांनी ‘कंत्राटदार’ समजावं.

‘विनातक्रार’ अगदी चूक नाही, पण नेम थोडा हुकला. तक्रार पैसे दिल्यावरही करता येते. डिमर होतं ते देण्याआधी, हात आखडता घेताना. शब्दाचं मूळ लॅटिन आहे आणि तिथे त्याचा अर्थ थांबणं, रेंगाळणं. हरकतीचा अर्थ मागाहून चिकटला. त्याचं सख्खं भावंड तर तुमच्या ओळखीचं असणार : डेमरेज. परभणीच्या मालधक्क्यावर खताची रेक लागली आणि वॅगन वेळेत रिकाम्या झाल्या नाहीत, की रेल्वे जो आकार लावते तो. आमच्याकडे बरेच जण त्याला ‘डॅमेज’ म्हणतात. एक पोतंही फुटलेलं नसतं, फक्त उशीर झालेला असतो.

म्हणून डिमरला माझ्या मते सगळ्यात जवळचे शब्द ‘आढेवेढे’ आणि ‘कां-कूं’. आमची आई पाणी आणायला सांगायची आणि मी उंबऱ्यातच घुटमळायचो. “कामून कां-कूं करायलास?” हे तिचं ठरलेलं वाक्य. मी ‘नाही’ म्हटलेलं नसायचं, पण हंडाही उचललेला नसायचा. डिमर ते हेच.

गॅरंटी म्हणजे गुत्तेदारासाठी बँकेनं घेतलेली हमी. तीतही बँकेला एवढंच बजावलेलं असतं : काम देणाऱ्या सरकारी खात्यानं मागणी केली की पैसे द्यायचे, ‘आधी गुत्तेदाराला विचारतो’ म्हणून थांबायचं नाही. मराठी मसुद्यात ‘कोणतीही हरकत वा सबब न सांगता’ लिहा. गंमत म्हणजे आपल्या भागात यासाठी तयार शब्द होता. सप्टेंबर 1948 पर्यंत आपण निजामाच्या राज्यात, कारभार उर्दूत. आजोबांच्या ट्रंकेतल्या एका कर्जरोख्यात ‘बिला उज्र’ असं होतं. उज्र म्हणजे सबब, आणि हरकतसुद्धा. दोन्ही एकाच शब्दात! ‘विनातक्रार’मध्ये ती सबब गळून जाते.

‘हरकत’ची कथा उलटी. अरबीत ती हालचाल. मराठीत येऊन तीच हालचाल अडवायला लागली. (गवय्याच्या गळ्यातली हरकत मात्र अजून हलते.)

आता मेलचं. फेरफाराची नोटीस निघाल्यावर 15 दिवसांत लेखी हरकत देतात ते ‘ऑब्जेक्शन’. कलेक्टर कचेरीसमोर बसतात तो ‘प्रोटेस्ट’. थोरल्या भावाला बाजूला घेऊन, “दादा, हे बरं नाही बघा,” असं कळवळून सांगणं म्हणजे ‘रिमॉन्स्ट्रेट’. डिमर या सगळ्यांत मवाळ आणि थोडं पुस्तकी. बहुधा दुसऱ्याबद्दल सांगताना येतं : सभापती व्हा म्हटल्यावर ते आधी ‘डिमर्ड’, मग झाले. साहेबांना स्वतःहून ‘आय डिमर’ लिहाल तर ते आधी डिक्शनरी उघडतील. तिथे ‘ऑब्जेक्ट’सुद्धा जरा दांडगाच, ‘आय हॅव अ कन्सर्न’ पुरे.

स्पेलिंगच्या शेवटी ‘ई’ लावू नका. लावलात की ‘डिम्युअर’ होतं, म्हणजे शालीन, लाजरी. नववीच्या एका पोरानं निबंधात नवरीला ‘ई’शिवाय बसवलं होतं. मी लाल शाई उचलली आणि परत ठेवली. लग्न ठरवताना तिला कुणी विचारलं होतं की नाही, कोण जाणे.

आणि हो, मालकांना सहीआधी ते कलम मराठीत वाचून दाखवा. बँक कां-कूं न करता पैसे देईल खरी, पण वसूल त्यांच्याकडूनच करेल.