वाचकांचे प्रश्न : गावचा चित्रपट महोत्सव आणि दिव्यांग प्रेक्षक

प्रश्न (आर्णी, जि. यवतमाळ) : शाळेच्या पटांगणात मंडप टाकून आम्ही तीन दिवसांचा चित्रपट महोत्सव घेतो. यंदा काही अंध प्रेक्षक येणार आहेत. पडद्यावर काय चाललंय ते शेजारी बसून सांगितलं की बाकीचे चिडतात. श्राव्य वर्णनाला, म्हणजे पडद्यावरचं दृश्य हेडफोनमधून बोलून सांगायला, महागडी यंत्रणा लागते का?

उत्तर : नाही. साउंडवाल्याचा मिक्सर, एक लॅपटॉप, छोटा हेडफोन अ‍ॅम्प्लिफायर आणि वायरचे हेडफोन एवढ्यात भागतं. खरी मेहनत आहे ती वर्णन लिहिण्यात. म्हणून निर्मात्याकडे प्रदर्शनाची परवानगी मागतानाच वर्णनाचा ट्रॅक आहे का, हे विचारा. माहिती व प्रसारण मंत्रालयाने मार्च २०२४ मध्ये चित्रपटगृहांसाठी सुगम्यतेची (अंध आणि कर्णबधिरांनाही चित्रपट समजावा यासाठीची) मार्गदर्शक तत्त्वं काढली आहेत, त्यामुळे नव्या चित्रपटाच्या बाबतीत विचारणं वाया जात नाही. ट्रॅक नसेल तर लेखी परवानगी घेऊन स्वतः करा.

संवादांमधल्या मोकळ्या जागा सेकंदांत टिपून घ्या. स्पष्ट वाचायचं तर सेकंदाला दोन शब्द धरा, म्हणजे पाच सेकंदांच्या फटीत दहा. ‘म्हातारा खचून जातो’ असं लिहू नका. ‘म्हातारा कापसाच्या गंजीला टेकून खाली बसतो’ एवढं पुरे. खचला की दमला, ते ऐकणारा ठरवेल. मावत नसेल तर विशेषणं कापा, पण संवादावर चढू नका. कच्चा मजकूर आधी एखाद्या अंध माणसाला ऐकवा आणि मगच रेकॉर्डिंग करा.

आता जोडणी. एडिटिंग करताना चित्रपटाचा सगळा आवाज मोनो (एकाच चॅनेलचा) करून डाव्या चॅनेलवर टाका आणि वर्णन उजव्यावर. लॅपटॉपच्या जॅकमधून निघणाऱ्या वायरीची दोन टोकं मिक्सरच्या दोन वेगळ्या चॅनेलना द्या. डावा चॅनेल मंडपाच्या स्पीकरला जाईल. उजव्याचा फेडर (आवाज कमी-जास्त करायची पट्टी) पूर्ण खाली ठेवून ऑक्समधून (मिक्सरच्या वेगळ्या आउटपुटमधून) हेडफोन अ‍ॅम्प्लिफायरला आवाज काढा. हा ऑक्स प्री-फेडर, म्हणजे फेडरच्या आधीच आवाज उचलणारा हवा. पोस्ट-फेडर असला तर फेडर खाली येताच हेडफोन बंद. वर्णन मंडपभर ऐकू आलं तर समजा, साउंडवाल्याने सवयीने दोन्ही टोकं एकाच स्टिरिओ चॅनेलला दिलीत. लॅपटॉपमधलं ‘मोनो ऑडिओ’ बंद आहे का तेही बघा, ते सुरू असलं की दोन्ही चॅनेल एकत्र होतात. प्रोजेक्टर एचडीएमआयने जोडला की लॅपटॉपचा आवाज बहुतेक वेळा तिकडेच वळतो, तो सेटिंगमधून परत जॅकवर आणावा लागतो. प्रेक्षकांना हेडफोन एकाच कानाला लावायला सांगा, दुसऱ्या कानाने ते मंडपातला आवाज ऐकतील.

वर्णन वेगळ्या फोनवर लावा असं बरेच जण सुचवतात. आमच्या मते गावात तरी नको. वीज गेली की चित्रपट थांबतो, फोन मात्र पुढे पळतो. एकाच फाइलमध्ये दोन्ही आवाज असले की ताळमेळ चुकत नाही.

प्रश्न (सिंदेवाही, जि. चंद्रपूर) : सभागृहाला तीन पायऱ्या आहेत. मंडपवाला म्हणतो, सहा फुटी प्लाय टाकून देतो. चालेल?

उत्तर : चालणार नाही. सहा इंचांच्या तीन पायऱ्या म्हणजे दीड फूट उंची. रॅम्पचा उतार एकास बारा हवा, म्हणजे एक फूट उंचीला बारा फूट लांबी. इथे अठरा फूट. सहा फुटांवर दोन पोरं खुर्ची ढकलून वर नेतील, पण उतरताना ती हातातून सुटेल. रुंदी चार फूट, दोन्ही कडांना दोन इंचांची पट्टी, तीन फुटांवर धरायला पाइप आणि वर दारापुढे पाच बाय पाच फूट सपाट जागा ठेवा. मतदान केंद्र असलेल्या शाळेत बऱ्याचदा पक्का रॅम्प असतो. तशी शाळा मिळाली तर हा खटाटोपच नको.

पटांगण काळ्या मातीचं असेल तर रॅम्पइतकंच लक्ष वाटेकडे द्या. सडा टाकला किंवा पाऊस आला की व्हीलचेअरची पुढची लहान चाकं रुततात. चार इंच मुरूम टाकून, पाणी मारून दाबून घ्या. वर मॅटिंग नको, ते चाकाखाली गोळा होतं. आत रांगेतल्या खुर्च्या काढून तीन बाय चार फूट जागा मोकळी ठेवा आणि लगतच सोबत्याची खुर्ची.

प्रश्न (हिंगणघाट, जि. वर्धा) : कर्णबधिर मुलांसाठी मराठी सबटायटल टाइप करून घेतली, पण पडद्यावर भलतीच अक्षरं येतात.

उत्तर : डीटीपीच्या दुकानात जुन्या फॉन्टमध्ये टाइप झालं असेल, तर ते युनिकोडमध्ये बदलून घ्या. युनिकोडच असेल तर फाइल सेव्ह करताना ‘एन्कोडिंग’मध्ये यूटीएफ-८ निवडा. नुसते चौकोन दिसत असतील तर दोष फॉन्टचा. व्हीएलसी या व्हिडिओ प्लेअरच्या सबटायटल सेटिंगमध्ये ‘मंगल’ किंवा ‘निर्मला’ निवडा.

एका वेळी दोनच ओळी ठेवा. कोण बोलतंय ते आणि महत्त्वाचे आवाजही लिहा : [बाहेर मोटारसायकल थांबते]. सतरंजीवर बसलेल्यांच्या डोक्यांआड खालची ओळ जाते, म्हणून पडद्याची खालची कड जमिनीपासून चार-पाच फूट वर घ्या. लहान मुलांचं वाचन तेवढं वेगवान नसतं. त्यांच्यासाठी सांकेतिक भाषेचे दोन दुभाषी बोलवा, वीसेक मिनिटांनी आलटूनपालटून. त्यांनी गडद, साधा शर्ट घालावा. दिवा त्यांच्यावरच पडावा, पडद्यावर नको.

प्रश्न (देसाईगंज, जि. गडचिरोली) : आमच्याकडे नाटकं रात्रभर चालतात, चित्रपटांचे खेळही तसेच रात्रभर ठेवले आहेत. सिकलसेलच्या (रक्ताच्या आनुवंशिक आजाराच्या) रुग्णांसाठी काही वेगळं करावं लागेल का?

उत्तर : हो. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या यादीत सिकलसेल आहे, पण ते दिसत नसल्याने आयोजकांच्या ध्यानात येत नाही. थंडी, शरीरातलं पाणी कमी होणं आणि दगदग यांनी वेदनेचा झटका येऊ शकतो. त्यांच्या जागा कनातीच्या कडेला नकोत, आत वारा न लागणाऱ्या ठेवा. प्यायचं पाणी हाताशी आणि संडास जवळ हवा. तो लांब असला की माणसं पाणीच पीत नाहीत. जागा मागणाऱ्याकडे यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) मागत बसू नका. दुखणं सुरू झालं तर बर्फ लावू नका. ऊब द्या, पाणी पाजा आणि दवाखान्यात न्या. त्यासाठी गाडी आणि चालक खेळ संपेपर्यंत जागेवर हवेत. शिवाय त्यांना बघायचे चित्रपट रात्री दोनला न ठेवता संध्याकाळी सहाला लावा, म्हणजे शेवटची एसटीही मिळते.