समुद्राकाठच्या श्रीमंत शहरात येताना

चि. मुलीस,
अनेक आशीर्वाद.

मुंबईत लोअर परळला नोकरी लागल्याचं तुझ्या आईकडून कळलं. फोनवर तू विचारलंस, "मावशी, एवढ्या महागड्या गावात माझा निभाव लागेल का?" त्याचं उत्तर फोनवर देता आलं नाही, म्हणून लिहिते. लागेल. १९८९ साली मी अंबाजोगाईहून एक पत्र्याची ट्रंक घेऊन आले, तेव्हा मलाही हीच धास्ती होती.

आधी खोलीचं बघू. भाडं आणि प्रवास वेगळे मोजू नकोस. लांबची स्वस्त खोली रोजचे तीन-चार तास खाते. लोअर परळला फास्ट गाडी थांबत नाही, दादरला उतरून स्लो पकडावी लागते, आणि सकाळी नऊला दादरचा पूल म्हणजे काय ते तू बघशीलच. त्यापेक्षा दोघीतिघींनी मिळून जवळ लहानशी जागा घ्या. डिपॉझिट देताना करार नोंदवल्याशिवाय पैसा हातातून सोडू नकोस. करार नोंदवणं ही कायद्यानं घरमालकाची जबाबदारी आहे, हे त्याला बिनधास्त सांग. मला हे माहीत नव्हतं. एका दलालानं माझे दोन पगार बिनपावतीचे घेतले आणि पुन्हा तोंड दाखवलं नाही. ते महिने मी कसे काढले, ते घरी कधीच कळवलं नाही. तू कळव. लपवल्यानं माणूस एकटं पडतं.

समुद्र लांबून सुंदर दिसतो, पण घरात शिरतो तो खारी हवा होऊन. माझी पहिली खोली प्रभादेवीला चाळीत होती, समुद्र चालत दहा मिनिटांवर. पहिल्या पावसाळ्यानंतर ट्रंकेचं कुलूप उघडेना. आत माझ्या सनदा, आईनं दिलेल्या दोन साड्या. मी किल्लीशी झटत रडकुंडीला आले. शेजारच्या मालवणी काकू आल्या, भोकात रॉकेलचे चार थेंब सोडले, अर्धा तास थांबल्या, मग किल्लीला फडकं गुंडाळून ती एकदा इकडे, एकदा तिकडे, अगदी हलक्या हातानं फिरवत बसल्या. कुलूप सुटलं तेव्हा किल्लीवर लाल गंज आला होता आणि सनदांच्या कडांना बुरशी. तेव्हापासून माझे कागद घट्ट झाकणाच्या प्लॅस्टिकच्या डब्यात असतात, डांबरगोळ्या घालून. तूही तसंच कर. त्या काकू पुढे वीस वर्षं माझं माहेर होत्या.

आता पैशाचं. तुझं ऑफिस जिथे आहे ते कापडगिरण्यांचं गिरणगाव. १८ जानेवारी १९८२ ला कामगार नेते डॉ. दत्ता सामंतांच्या हाकेवर अडीच लाखांच्या आसपास कामगार संपावर गेले, आणि त्यातल्या पुष्कळांना पुन्हा काम मिळालंच नाही. त्यांच्या गिरण्यांच्या जमिनीवर आज काचेचे मनोरे आणि मॉल आहेत. अधूनमधून गिरणीची एखादी जुनी चिमणी दिसेल. दिसली की क्षणभर थांब. त्या मॉलमध्ये एका जेवणाला आपल्या आठवड्याचा किराणा जातो. बरोबरीच्या मुली जातील, तुला आग्रह करतील. मी दोन वर्षं उसने घेऊन अशी बरोबरी केली आणि फार पोळले. "या महिन्यात नाही जमणार" हे वाक्य मोकळेपणी म्हणायला शीक. खऱ्या मैत्रिणी त्यानं तुटत नाहीत.

या शहराची श्रीमंती मला सापडली ती दुसरीकडेच. वरळी सी-फेसचा कठडा, दादरचं १८९८ पासूनचं मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय, १९२६ पासून गोरगरिबांना बरं करणारं परळचं केईएम रुग्णालय. माझ्या नवऱ्याचं मोठं ऑपरेशन तिथेच झालं, आणि बिल आम्हाला झेपेल इतकंच आलं. हे सगळं तुझंही आहे, पहिल्या दिवसापासून. ग्रंथसंग्रहालयाची वर्गणी पहिल्याच पगारातून भर.

कोळीवाड्यातही जा. समुद्र आधी त्यांचा. समुद्रात बांधलेल्या कोस्टल रोडच्या खांबांमधून होड्या नीट जाईनात म्हणून वरळीचे कोळी अडून बसले, आणि ६० मीटरचं ठरलेलं अंतर १२० मीटर करून घेतलं. तरीही सगळं त्यांच्या मनासारखं झालेलं नाही.

पावसात मात्र धीट होऊ नकोस. मुसळधार पाऊस आणि साडेचार मीटरच्या वरची भरती एकाच वेळी आली की नाल्यांची तोंडं समुद्राखाली जातात, पाणी बाहेर पडत नाही. हाजी अलीचे मोठे पंप त्यासाठीच बसवलेत. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पडला आणि कुलाब्याला जेमतेम ७४. फोर्टातल्या आमच्या ऑफिसातून उपनगरात काय चाललंय याचा अंदाजच येईना. गाड्या बंद, म्हणून मी चालत निघाले. परळच्या पुढे कमरेइतकं पाणी. एका अनोळखी घरानं रात्री आसरा दिला, कोरडी साडी दिली. अशा दिवशी ऑफिसातच थांब. भरतीची वेळ मोबाइलवर रोज बघायची सवय लाव.

आणि एक, हे मला फार लागतं. आपल्या नळाला येणारं निम्मं पाणी एकट्या भातसा धरणाचं. ते शहापूर तालुक्यात आहे, आणि उन्हाळ्यात त्याच तालुक्यातल्या पाड्यांवर बायका टँकरची वाट बघत उभ्या असतात. आपण मराठवाड्याच्या, टँकर म्हणजे काय ते तुला सांगायला नको. बादली भरली की नळ बंद कर, मैत्रिणींनाही सांग.

१ जूनपासून ६१ दिवस यांत्रिक मासेमारी बंद असते, त्याआधी एका रविवारी माहीमला ये. सकाळी लवकर निघ, म्हणजे बाजारात ओले बोंबील मिळतील. साफ कसे करायचे ते दाखवते. तुझ्या सनदांसाठी एक डबा आणून ठेवलाय, तो जाताना घेऊन जा.

तुझी,
मावशी