दुसरं सिझर: दवाखाना ठरवण्याआधी पहिल्या ऑपरेशनचा कागद मिळवा

ताई, तुमचं वाचताना वाटलं, आमच्याच घरातलं भांडण कुणीतरी लिहून काढलंय. पहिलं सिझर तीन वर्षांपूर्वी, आता सातवा महिना, दुसरंही सिझरच करायचं ठरलेलं, दिवस डिसेंबरात भरतात. सासूबाईंना माजलगावातल्याच ओळखीच्या मॅडम हव्यात, आई म्हणते संभाजीनगरला चल. आणि तुम्ही विचारताय, डॉक्टर बघून ठरवू की दवाखाना बघून. नॉर्मलचा प्रयत्न करावा का, या वादात मी पडत नाही. मी डॉक्टर नाही, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. तेव्हा माझं ऐका, पण शेवटचा शब्द तुमच्या डॉक्टरांचा.

तुमच्या प्रश्नाच्याही आधीचं एक काम आहे: पहिल्या ऑपरेशनची नोट, म्हणजे आत छेद कसा घेतला ते लिहिलेला कागद, मिळवणं. तुम्ही लिहिलंय की डिस्चार्ज कार्डावर ‘सिझेरियन, मुलगी, वजन’ एवढंच आहे. माझ्याही कार्डावर तेवढंच होतं. पोटावरचा टाका आडवा आहे, म्हणजे आतलाही आडवाच असणार, असं घरातले सगळे धरून चालतात. पण कातडीवरचा छेद बघून गर्भपिशवीवरचा छेद कळत नाही. बहुतेक बायकांचा आतला छेदही खालच्या बाजूला आडवाच असतो, आणि बाकी सगळं ठीक असेल तर पुढचं सिझर ३९ आठवडे पूर्ण झाल्यावर ठेवतात, कारण त्याआधी काढलेल्या बाळाला श्वासाचा त्रास होण्याची शक्यता जास्त. मात्र बाळ आडवं असलं किंवा दिवस फार कमी भरलेले असले, तर कधी कधी तो छेद वरपर्यंत न्यावा लागतो. तसं झालेलं असेल तर कळांची वाट बघणं धोक्याचं, पिशवी फाटू शकते. मग तारीख ३६-३७ आठवड्यांवर येते.

माझं पहिलं सिझर घाईतलं. आठव्या महिन्यात पाणी गेलं, मूल आडवं. जिल्ह्याच्या गावातला खासगी दवाखाना होता, नाव घेत नाही. ऑपरेशनबद्दल माझी काडीची तक्रार नाही, दोघी वाचलो. तक्रार आहे ती तिथल्या रेकॉर्डच्या खिडकीची. दुसऱ्या वेळी आमच्या मॅडमनी पहिल्या ऑपरेशनची नोट मागितली आणि यांना तिकडं पाठवलं. “तीन वर्षांची फाईल कुठं हुडकू आता? सर नाहीत, सोमवारी या.” सोमवारी म्हणे पेशंटलाच घेऊन या. मी पोट सांभाळत एसटीनं गेले, तर आधारची झेरॉक्स चालत नाही, मूळ कार्ड पाहिजे. ते नेलं, तर फाईल दुसऱ्या बिल्डिंगला. इकडं मॅडम प्रत्येक तपासणीला विचारायच्या, कागद आला का? आणि तारीख काही नक्की करेनात. माझं वजन वाढायचं सोडून कमी व्हायला लागलं होतं त्या काळात. घरचे म्हणू लागले, कशाला त्या कागदाच्या मागं लागलीस, टाका तर दिसतोय की.

शेवटी मेडिकल चालवणाऱ्या मावसदिरानं सांगितलं, तोंडी मागू नका, लेखी अर्ज द्या आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या, सही-शिक्क्यासकट. मेडिकल कौन्सिलच्या २००२ च्या नियमांत आहे की पेशंटनं मागितल्यावर ७२ तासांत कागद द्यायचे. अर्जात तेवढं एक वाक्य घातलं. खिडकीतल्या माणसानं ते दोनदा वाचलं, चष्मा वर केला, आणि त्याच दुपारी फाईल सापडली. दुसऱ्या बिल्डिंगमध्ये नाही, त्याच्याच पाठीमागच्या कपाटात! आत निळ्या शाईतली अर्ध्या पानाची नोट: छेद ‘इन्व्हर्टेड टी’, म्हणजे आडवा घेऊन मधून वर वाढवलेला. मॅडमनी ती वाचली, ३९ व्या आठवड्याचा विषयच बंद केला आणि स्पष्ट सांगितलं की हे मी माझ्याकडे करणार नाही, रक्तपेढी असलेल्या ठिकाणी जा. तोवर माझा आठवा संपत आला होता.

त्याच नियमांत भरती पेशंटची कागदपत्रं तीन वर्षं जपून ठेवायची अट आहे. तुमची तीन वर्षं आत्ता भरतायत. पुढच्या आठवड्यावर ढकलू नका, उद्याच अर्ज द्या.

आता दवाखाना. माझं मत विचाराल तर डॉक्टरांचं नाव नंतर, त्या दवाखान्याची रात्र आधी. तालुक्याला भूलतज्ज्ञ आणि बालरोगतज्ज्ञ बहुधा फोनवर बोलावलेले असतात. त्यात त्या मॅडमचा दोष नाही. पण थेट विचारा: रात्री दोनला रक्त लागलं तर पिशवी कुठून येते, किती वेळात टेबलापर्यंत पोचते? भूल देणारे याच गावात राहतात का? “काळजी करू नका, होतं सगळं” हे उत्तर नव्हे. नीट सांगणाऱ्या डॉक्टर भेटल्या तर गाव लहान असलं तरी मी त्यांचा विचार करीन.

एका बाबतीत मात्र विचारसुद्धा करू नका. सोनोग्राफीत वार (प्लासेंटा) खाली आणि जुन्या टाक्यावर आहे असं आलं, तर छोट्या दवाखान्यात थांबायचं नाही. वार टाक्यात रुतून बसलेली असू शकते, मग रक्तस्राव आवरत नाही आणि गर्भपिशवी काढायची वेळ येते. रिपोर्टमध्ये वार कुठं आहे ते लिहिलेलं असतं, टाक्याशी तिचा संबंध काय ते मुद्दाम विचारून घ्या.

संभाजीनगरच का, हेही मला कळलं नाही. अंबाजोगाईचं सरकारी मेडिकल कॉलेज तुम्हाला कितीतरी जवळ आहे. सरकारीत २०११ पासूनच्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात सिझर, औषधं, रक्त, सात दिवसांचं जेवण, जाण्यायेण्याची गाडी सगळं फुकट आहे. गर्दी आहे, बोलणं खावं लागतं, ओपीडीत तपासणारे डॉक्टर ऑपरेशनला असतीलच असं नाही. पण रात्री तिथं डॉक्टर जागे असतात. खासगीत गेलात तर ‘पॅकेज’मध्ये काय नाही ते आधी लिहून घ्या. भूल, बाळाचे डॉक्टर आणि काचेची पेटी हे बहुतेक वेळा वेगळं निघतं. हिमोग्लोबिन ११ च्या खाली असेल तर आत्तापासून वाढवा, शेवटच्या आठवड्यात हातपाय हलवून उपयोग नाही. रक्तगट निगेटिव्ह असेल आणि बाळाचा पॉझिटिव्ह निघाला तर बाळंतपणानंतर ७२ तासांत अँटी-डीचं इंजेक्शन लागतं, ते आधीच विचारून ठेवा. मूल बंद करायचं ऑपरेशन सोबतच करायचं असेल तर ते तुम्ही दोघांनी आत्ताच ठरवा, टेबलावर घेतल्यावर सासूबाईंनी नाही.

मुहूर्ताचं एक. गुरुजींकडून तारीख आणायची तर आणा, पण डॉक्टरांनी दिलेल्या दिवसांतलीच निवडायला सांगा. पुष्य नक्षत्रासाठी बाळ दोन आठवडे आधी काढणारी माणसं मी पाहिली आहेत. राग येतो, पण बोलून फायदा नसतो.

आणि ठरलेल्या तारखेच्या आधीही कळा सुरू होऊ शकतात, पाणी जाऊ शकतं. टाक्यावर दुखलं किंवा अंगावरून रक्त गेलं तर तारखेची वाट न बघता निघायचं, हे घरात सगळ्यांना सांगून ठेवा. डिसेंबरात तुमच्याकडं कारखाने सुरू, रस्ता उसाच्या ट्रॉल्यांनी भरलेला, रात्री तर मागचा दिवाही नसतो त्यांना. म्हणून शेवटचे दोन-तीन आठवडे दवाखान्याच्या गावातच कुणाकडं तरी राहायला जा. मी चुलत नणंदेकडं राहिले. कुणी नसेल तर १०८ ला फोन केल्यावर गाडी तुमच्या गल्लीपर्यंत येते का, की चौकात थांबते, हे आशाताईंना आत्ताच विचारून ठेवा.