विचित्र कणांचं ‘उत्पादन’ की ‘निर्मिती’?

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका विज्ञान शिक्षकांनी विचारलं आहे: प्रोटॉनच्या टकरीत ‘स्ट्रेंज’ कण तयार होतात, त्यांना ‘विचित्र’ म्हटलं की पोरं विचारतात, ‘इचित्र म्हंजे बिघडलेला काय, सर?’ शब्द बदलावा का? आणि त्या कणांचं ‘उत्पादन’ म्हणावं की ‘निर्मिती’?

‘विचित्र’च ठेवा, सर. ‘विलक्षण’मध्ये कौतुक डोकावतं, आणि ‘अनोळखी’ म्हटलं तर हे कण अजून ओळखलेच नाहीत असं वाटतं. १९४७ साली मँचेस्टरला रॉचेस्टर आणि बटलर या भौतिकशास्त्रज्ञांना मेघपेटीत, म्हणजे कणांचा माग धुक्याच्या रेषेसारखा दाखवणाऱ्या पेटीत, त्यांच्या खुणा दिसल्या. नवल होतं ते या कणांच्या आयुष्याचं. जन्माला जेवढा वेळ लागतो, त्याच्या सुमारे दहा लाख कोटी पट ते जगतात, कारण जन्म प्रबल बलानं होतो आणि क्षय दुर्बल बलानं (अणुगर्भाच्या पातळीवरची ही दोन मूलभूत बलं). १९५३ मध्ये गेल-मान आणि निशिजिमा या भौतिकशास्त्रज्ञांनी यासाठी विचित्रता ही राशी मांडली. हा स्वभाव नव्हे, मोजायचा अंक आहे, हे पोरांना फळ्यावरच दाखवा:

प्रोटॉन + प्रोटॉन → प्रोटॉन + लॅम्डा + धन केऑन

यात लॅम्डा आणि केऑन हे दोन विचित्र कण. लॅम्डाची विचित्रता −१, केऑनची +१, बेरीज शून्य. टकरीआधीही शून्यच होती. केऑनच्या जागी धन पायॉन हा विचित्रता शून्य असलेला कण लिहिला तर विद्युतभार जुळतो, विचित्रता जुळत नाही, आणि प्रबल बलात ती जुळावीच लागते. पोरं नेमकी इथंच चुकतात. प्रोटॉन, लॅम्डा हे कण क्वार्क या आणखी लहान कणांचे बनतात; त्यातल्या स्ट्रेंज क्वार्कची विचित्रता +१ नसून −१ धरतात, हेही आधीच सांगून ठेवा.

आता दुसरा प्रश्न. कण नव्यानं घडतो त्या घटनेला ‘निर्मिती’ म्हणा. ‘उत्पादन’ म्हटलं की आपल्याकडं कारखाना नाही तर क्विंटल डोळ्यापुढं येतात. किती कण मिळाले याला मात्र आपला ‘उतारा’ चपखल बसतो. एकरी उतारा म्हणतो, तसाच दर पायॉनमागे विचित्र कणांचा उतारा. २०१७ मध्ये सर्न या युरोपातल्या कण-प्रयोगशाळेच्या अ‍ॅलिस प्रयोगानं ७ टेराइलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जेच्या प्रोटॉन-टकरींबद्दल जे छापलं, ते याच शब्दात नीट सांगता येतं: एका टकरीतून जितके जास्त कण बाहेर पडतात, तितका विचित्र कणांचा पायॉनमागचा उतारा वाढतो. तीन स्ट्रेंज क्वार्कांच्या ओमेगाचा सर्वांत जास्त वाढतो, दोनवाल्या क्सायचा त्याहून कमी, एकवाल्या लॅम्डाचा आणखी कमी. साध्या प्रोटॉनचा उतारा असा वाढत नाही. इथं ‘निर्मिती वाढते’ एवढंच लिहिलंत, तर कशाच्या मानानं वाढते हेच वाक्यातून गळतं.